पाठ आला, शाळा मागे राहिली

बी.एड.च्या पहिल्या सत्रात एक तास असा असतो, की बाहेरच्या माणसाने दारातून डोकावलं तर त्याला नाटकाची तालीम चालली आहे असं वाटावं. फळ्यापुढे पदराला पिन लावून उभी असलेली पंचविशीची मुलगी. समोरच्या बाकांवर तिच्याच वयाची आठ-दहा जणं; त्यातल्या दोघींची लग्नं झालेली, एक जण खासगी क्लासमध्ये गणित शिकवून आलेला. ही सगळी मंडळी या घडीला इयत्ता सहावीत आहेत. बाईंनी प्रश्न विचारला की हात वर करायचे, उभं राहून उत्तर द्यायचं. एकाने चुकीचं उत्तर द्यायचं हे आधीच ठरलेलं आहे, कारण आजचा पाठ 'प्रबलन' कौशल्याचा आहे आणि चुकलेल्या विद्यार्थ्याला धीर कसा दिला याला गुण आहेत. मागच्या बाकावर निरीक्षण तक्ता घेऊन बसलेली मैत्रीण 'शाब्बास', 'छान', मान डोलावणे यांच्या रकान्यांत काट्या मारते. सहा मिनिटं झाली की थांबायचं.

याला सूक्ष्म अध्यापन म्हणतात. महाराष्ट्रात गेल्या चार दशकांत ज्यांनी बी.एड. केलं त्या बहुतेकांनी हे केलेलं आहे आणि त्याचं गणितही त्यांना पाठ असतं: सहा मिनिटं अध्यापन, सहा प्रत्याभरण, बारा पुनर्नियोजन, सहा पुनरध्यापन, सहा पुन्हा प्रत्याभरण. एकूण छत्तीस. सज्जता प्रवर्तन, प्रश्न विचारणे, चेतक बदल, फलकलेखन अशी एकेक कौशल्यं सुटी करून घोटायची, मग सेतुपाठात ती जोडायची आणि त्यानंतर खऱ्या शाळेत जायचं.

हा प्रकार जन्मला अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ड्वाइट ॲलन आणि त्यांचे सहकारी नव्या शिक्षकांना वर्गावर पाठवण्याआधी तयार करण्याची युक्ती शोधत होते. त्यांनी पाठ लहान केला, वर्ग चार-पाच जणांचा केला, आणि नुकत्याच हाती आलेल्या व्हिडिओ यंत्रावर तो टिपून शिकवणाऱ्यालाच परत दाखवला. मात्र ते चार-पाच जण खरे विद्यार्थी होते. शाळेत जाणारी मुलं सुटीत पैसे देऊन बोलावली जात, आणि पाठ कसा झाला हे त्यांनाही विचारलं जाई.

पद्धत भारतात आली ती मुख्यतः बडोद्यामार्गे. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तिच्यावर प्रयोग झाले, आणि बी. के. पासी यांचं सूक्ष्म अध्यापनावरचं इंग्रजी पुस्तक १९७६ साली आलं. त्यात तेरा कौशल्यांची यादी होती. पुढे एनसीईआरटीने आपल्याकडच्या परिस्थितीला परवडेल असा आराखडा बसवला. व्हिडिओ यंत्र कुठल्या कॉलेजाला परवडणार? त्याच्या जागी निरीक्षक आला. शाळेतली मुलं रोज कुठून आणायची? त्यांच्या जागी वर्गमित्र बसले. आर्थिक दृष्टीने ही तडजोड समजण्यासारखी होती. पण ज्याला शिकवायचं तो विद्यार्थीच प्रयोगातून गेला, आणि उरलेल्या छत्तीस मिनिटांचं कोष्टक आपण श्रद्धेने जपलं.

बडोद्याच्या शिक्षणशास्त्र विभागाविषयी थोडं थांबून बोलायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या बी.एड.च्या पुस्तकांवर त्याची सावली मोठी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि त्याने १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. १९०६ साली ते सगळ्या संस्थानात लागू केलं. ब्रिटिश सरकार अजून त्याला तयार नव्हतं. सक्ती केली की शिक्षक लागतात, शिक्षक लागले की ते घडवणाऱ्या संस्था लागतात. सयाजीरावांच्याच कारकिर्दीत, १९३५ साली, बडोद्यात माध्यमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघालं. १९४९ साली विद्यापीठ झालं, हंसाबेन मेहता कुलगुरू झाल्या, आणि ट्रेनिंग कॉलेजाची शिक्षणशास्त्र व मानसशास्त्र विद्याशाखा झाली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने तिला प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा दिला. एम. बी. बुच यांनी देशभरातल्या शिक्षणविषयक संशोधनाचा पहिला मोठा आढावा १९७४ साली इथूनच काढला. एम.एड. किंवा पीएच.डी. करणाराला 'बुच सर्व्हे' चाळल्याशिवाय प्रबंधाचं दुसरं प्रकरण लिहिता येत नसे.

त्या काळात बडोद्यात आणि इतरत्र आणखी एक साधन फार चाललं. नेड फ्लँडर्स नावाच्या अमेरिकन संशोधकाने वर्गातलं बोलणं दहा प्रकारांत वाटलं होतं: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा. निरीक्षकाने मागे बसून दर तीन सेकंदांनी एक आकडा लिहायचा. पस्तीस मिनिटांच्या तासाला सातशे आकडे झाले. फ्लँडर्सचा निष्कर्ष आजही कुठल्याही स्टाफरूममध्ये सांगितला तर लोक हसतात आणि मान्य करतात: वर्गातल्या वेळाचा दोन तृतीयांश भाग कुणी तरी बोलत असतं आणि त्या बोलण्याचा दोन तृतीयांश भाग शिक्षकाचा असतो. मोजमाप म्हणून हे उत्तम. मला खटकतं ते इतकंच, की शिक्षक किती बोलला हे त्यातून कळतं. काय बोलला, आणि ते गणित बरोबर होतं का, यासाठी रकाना नाही.

आता आणखी मागे जाऊ. जुन्या शिक्षकांना 'पंचपदी' आठवत असेल. पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. टाचणवहीची आखणीच या पायऱ्यांवर व्हायची, आणि पूर्वतयारीनंतर 'हेतुकथन' फळ्यावर लिहिलं नाही तर मार्गदर्शकांचा लाल पेन ठरलेला. या पायऱ्या जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्टच्या नावावर खपतात. प्रत्यक्षात त्या त्याच्या अनुयायांनी, विशेषतः येना विद्यापीठाच्या राइन यांनी, आखीव केल्या. इंग्लंडमार्गे त्या आपल्या ट्रेनिंग कॉलेजांत आल्या. मुंबईचं सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६चं. पण खुद्द हर्बार्ट काय करत होता? १८०९ साली तो क्योनिग्सबर्गला, ज्या पीठावर पूर्वी कान्ट होता त्या पीठावर, प्राध्यापक म्हणून गेला आणि तिथे त्याने शिक्षणशास्त्राचा वर्ग काढला तो प्रयोगशाळेसारख्या एका शाळेला जोडून. येनामध्येही विद्यापीठाची स्वतःची सराव शाळा होती. जॉन ड्यूईने १८९६ साली शिकागो विद्यापीठात तेच केलं.

म्हणजे दोनदा तेच घडलं. विचार एका शाळेच्या अंगणात उगवला, आणि आपल्याकडे आला तो कोष्टक होऊन. शाळा मागेच राहिली.

आपल्याकडे याहून वेगळं काही नव्हतंच असं मात्र नाही. पुण्याच्या जुन्या प्राथमिक ट्रेनिंग कॉलेजांना जोडून प्रॅक्टिसिंग स्कूल असे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं त्यात शिक्षक प्रशिक्षित हवेत, शेतकरी वर्गातून यायला हवेत, त्यांना नांगराला हात लावायची लाज वाटता कामा नये आणि त्यांचा पगार निदान बारा रुपये हवा, असं स्पष्ट सांगितलं होतं. प्रशिक्षणाचा आणि गावाचा संबंध त्यांनी एका दमात जोडला. विसाव्या शतकात ताराबाई मोडकांनी दादरचं शिशुविहार, मग बोर्डी, मग कोसबाड अशी वाट चालताना बालशिक्षिका घडवल्या त्या बालवाडीच्या ओसरीवरच. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर तिथेच उभ्या राहिल्या. पण ही प्राथमिक आणि पूर्वप्राथमिकची गोष्ट. पदवीनंतरचं, विद्यापीठाच्या छत्राखालचं प्रशिक्षण जितकं वर चढलं तितकी त्याची शाळेशी फारकत होत गेली. बडोदा विद्यापीठाला स्वतःची एक्स्परिमेंटल स्कूल आहे, दिल्लीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनलाही आहे. पण ज्या शेकडो कॉलेजांनी त्यांची पुस्तकं वापरली त्यांच्या नशिबी उसनी 'सराव शाळा' आली.

उसन्या शाळेतला पाठ कसा होतो ते एका तालुक्याच्या गावी पाहिलं. सातवीचा वर्ग, घटक दशांश अपूर्णांक. छात्राध्यापिकेची तयारी चोख होती: रंगीत तक्ते, चुंबकाच्या पट्ट्या, टाचणवहीत 'शिक्षककृती', 'विद्यार्थीकृती' आणि 'अपेक्षित उत्तर' असे रकाने. तिने विचारलं, ०.१२ मोठा की ०.९? खिडकीजवळच्या मुलाने ठामपणे सांगितलं, ०.१२. का? तर बारा नवापेक्षा मोठे. अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. हे उत्तर 'अपेक्षित'च्या रकान्यात नव्हतं. तिने गोड आवाजात 'पुन्हा विचार कर हं' म्हटलं (प्रबलन कौशल्य, पूर्ण गुण) आणि दुसऱ्या मुलीला उभं केलं. त्या मुलीने ०.९ सांगितलं. बाईंनी शाबासकी दिली आणि पाठ पुढे सरकला. खिडकीजवळचा मुलगा बारा नवापेक्षा मोठेच समजून खाली बसला.

वर्गाच्या नेहमीच्या बाई मागे वह्या तपासत बसल्या होत्या. पाठ संपल्यावर त्या उठल्या, कोपऱ्यातली मीटरपट्टी त्या मुलाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, ०.१२ मीटर कुठे येतो ते बोट ठेवून दाखव. त्याने जरा चाचपडत बारा सेंटिमीटरवर बोट ठेवलं. आता ०.९. बोट सरकत सरकत नव्वदवर गेलं आणि पोराचा चेहरा फुलला. सगळं मिळून दीड मिनिट. मुलं दशांश चिन्हानंतरचा आकडा पूर्ण संख्येसारखा वाचतात हे त्या बाईंना वर्षानुवर्षांच्या वह्यांमधून माहीत होतं. बी.एड.च्या विद्यार्थिनीला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी टाचणात कुठे लिहायचं हा प्रश्न होताच. तिचे मार्गदर्शक एकाच तासाला दोन वर्गांतले पाठ बघत होते. त्या वेळी ते शेजारी होते. वहीत शेरा आला: 'शैक्षणिक साधने समर्पक. फलकलेखन उत्तम. आवाज वाढवावा.'

या दीड मिनिटातलं जे ज्ञान आहे त्याला शिक्षणशास्त्रात जागा मिळायला १९८६ उजाडावं लागलं. ली शुलमन या अमेरिकन अभ्यासकाने तेव्हा मांडलं की विषयाचं ज्ञान वेगळं, शिकवण्याची सर्वसाधारण तंत्रं वेगळी, आणि 'हा विषय या मुलांना शिकवताना नेमकं कुठे अडतं' हे तिसरंच ज्ञान. पुढचं काम मिशिगनमध्ये झालं, आणि ते सरकारी विद्यापीठांतून झालं, म्हणून ते आपल्याला जास्त उपयोगाचं.

मिशिगन विद्यापीठाने १८७९ साली 'अध्यापनाचं शास्त्र आणि कला' या नावाचं कायम प्राध्यापकपद निर्माण केलं. अमेरिकन विद्यापीठांतलं त्या प्रकारचं ते पहिलं मानतात. त्याच राज्यातलं दुसरं विद्यापीठ मिशिगन स्टेट. ते १८५५ साली शेतकी कॉलेज म्हणून सुरू झालेलं. त्याच्या शिक्षणशास्त्र विभागात १९८०च्या दशकात डेबोरा बॉल आणि मॅग्डलीन लँपर्ट या दोन प्राध्यापिकांनी एक गोष्ट केली, जी आपल्याकडच्या प्राध्यापकाला कमीपणाची वाटेल. विद्यापीठाजवळच्या एका साध्या सरकारी प्राथमिक शाळेत त्या रोज जाऊन गणिताचा तास घ्यायच्या. बॉल तिसरीला, लँपर्ट पाचवीला. १९८९-९० हे वर्षभर तास चित्रित झाले, मुलांच्या वह्या जपल्या गेल्या, शिकवणारीची रोजनिशीही ठेवली गेली.

त्यातला एक तास जगभरच्या शिक्षणशास्त्र विभागांत दाखवला जातो. तिसरीतला शॉन नावाचा मुलगा उठून म्हणतो की सहा ही संख्या सम पण आहे आणि विषम पण. का? कारण सहात दोनच्या तीन जोड्या बसतात आणि तीन विषम आहे. वर्गातल्या मुली त्याच्याशी भांडतात, मग दहाचं काय असं विचारतात, आणि तो शांतपणे म्हणतो, हो, दहासुद्धा. बॉल त्याला गप्प करत नाहीत, आणि शाबासही म्हणत नाहीत. त्या वर्गाला बोलू देतात. पुढे अशा संख्यांना वर्गात 'शॉनच्या संख्या' असं नावच पडलं. हा तास बरोबर होता का, यावर शिक्षणतज्ज्ञांचे अजून दोन तट आहेत: मुलं गोंधळली, असं काही म्हणतात, मुलं व्याख्या म्हणजे काय ते शिकली, असं बाकीचे. मला स्वतःला दुसऱ्यांचं पटतं. पण कुणाचंही पटो, वाद कशावर आहे ते बघा. खऱ्या वर्गावर, खऱ्या मुलाच्या उत्तरावर, आणि शिकवणारी स्वतः विद्यापीठाची प्राध्यापिका आहे. बॉल पुढे मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि २००५ ते २०१६ तिथल्या शिक्षणशास्त्र विभागाच्या अधिष्ठाता होत्या.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाला प्रक्षेत्र नाही, शेजारच्या शेतकऱ्याच्या रानात परवानगी काढून तीन आठवडे प्रयोग चालतात, असं कुणी सांगितलं तर आपण हसू. शिक्षणशास्त्राच्या बाबतीत नेमकं हेच चालतं. फिनलंडचं नाव काढलं की आपल्याकडे 'तिथे गृहपाठ नसतो' एवढंच सांगतात. तिथल्या शिक्षक-प्रशिक्षण शाळा विद्यापीठांच्या मालकीच्या असतात, त्यांतले शिक्षक विद्यापीठाच्या पगारावर असतात, हे कुणी सांगत नाही.

हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने प्रशिक्षण संस्थांचा एकलकोंडेपणा नेमका हेरला होता: विद्यापीठापासून तुटलेल्या, शाळेपासून तुटलेल्या, एकमेकींपासूनही तुटलेल्या. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतले. गावातली शाळा आणि उच्च शिक्षण एकाच आवारात बघितलेला माणूस तो. आयोगाचा अहवाल ग्रंथालयात गेला आणि महाराष्ट्राने पुढची वाट धरली ती कॉलेजं काढण्याची.

डी.एड.चा तो जमाना ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. बारावीला चांगले गुण पडलेली खेड्यातली मुलगी डॉक्टर-इंजिनिअरपेक्षा डी.एड.ची यादी आधी बघायची. जिल्हा परिषदेची नोकरी म्हणजे घरादाराचं भागलं. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, प्राथमिकला महिना तीन हजार मानधन ठरलं, तरी ओघ आटला नाही. मागणी पाहून संस्थाचालक सरसावले. राज्य सरकारचा विरोध असताना राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या पश्चिम विभागीय समितीने महाराष्ट्रात २९१ डी.एड. संस्थांना मान्यता दिली. प्रकरण कोर्टात गेलं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, आणि न्यायालयाने २०११ साली न्या. जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला. देशाच्या शिक्षक-प्रशिक्षणावरचा सर्वांत महत्त्वाचा अलीकडचा अहवाल महाराष्ट्राच्या कॉलेजांच्या भांडणातून जन्मला, हा मान आपला. ऑगस्ट २०१२च्या त्या अहवालात एक शिफारस अशी आहे, की प्रत्येक प्रशिक्षण संस्थेला जोडलेली एक शाळा असावी, जिथे विद्यार्थी-शिक्षकाला नवं करून बघता येईल.

२०१२ साली राज्यातली शिक्षकभरती बंद झाली, डी.एड.च्या जागा ओस पडल्या, कॉलेजांना कुलपं लागली. बी.एड. २०१५पासून दोन वर्षांचं झालं आणि शालेय आंतरवासिता वीस आठवड्यांवर गेली. जोडलेली शाळा मात्र शिफारशीतच राहिली. आंतरवासितेचे आठवडे वाढले तसे सराव शाळांचे मुख्याध्यापक कॉलेजचं पत्र बघून कपाळाला हात लावू लागले, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. घटक चाचणी तोंडावर, अभ्यासक्रम अर्धा, आणि त्यात पंधरा नवे शिक्षक.

मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाविषयी थोडक्यातच आवरतो, कारण तिथे सांगण्यासारखं कमी आहे. सेवाज्येष्ठतेने पद येतं. शालेय व्यवस्थापनाची पदविका पत्राद्वारे करता येते. दिल्लीच्या एका राष्ट्रीय संस्थेत शालेय नेतृत्वाचं केंद्र आहे. पण नव्या मुख्याध्यापकाने एका अनुभवी मुख्याध्यापकाच्या खुर्चीशेजारी सहा महिने बसावं, शिक्षकाच्या तासाला जाऊन काय बघायचं आणि नंतर त्याच्याशी काय बोलायचं हे शिकावं, अशी सोय कुठल्या विद्यापीठाने लावली आहे? त्याची खरी शिकवणी होते ती शालार्थच्या पगारबिलावर आणि पोषण आहाराच्या नोंदवहीवर.

नवं शिक्षण धोरण म्हणतं की २०३०पर्यंत चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. हीच किमान पात्रता व्हावी आणि ते बहुविद्याशाखीय विद्यापीठांत व्हावं. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या २०२५च्या मसुद्यात एक वर्षाचं बी.एड. पुन्हा डोकावलं. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेत पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हायला सांगितलं, आणि पन्नाशीला टेकलेले गुरुजी बालमानसशास्त्राचे प्रश्नसंच घेऊन बसले. एक वर्ष, दोन वर्षं, चार वर्षं, पर्यायी उत्तरांची परीक्षा. चर्चा सगळी मुदतीची आणि पात्रतेची. विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांना जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या दोन-दोन शाळा कायमच्या जोडून द्या, तिथला गणिताचा निदान एक तास रोज प्राध्यापकाने घ्यावा, ही मागणी कुठल्या मोर्च्यात किंवा मसुद्यात मी पाहिलेली नाही. खर्चिक आहे का? शाळा आहेत, इमारती आहेत, मुलं आहेत. पटसंख्येअभावी ज्या बंद करायच्या म्हणून चर्चा चालते त्यांतल्याच काही देता येतील. अडचण आहे ती हुद्द्याची. पीएच.डी. झालेल्या माणसाने सातवीच्या वर्गावर जाणं याला आपल्याकडे पदावनती समजतात. पदोन्नतीच्या गुणांकनात शोधनिबंध धरला जातो, सातवीचा तास धरला जात नाही.

तोवर निदान एक करता येईल. मीटरपट्टी काढणाऱ्या त्या बाईंनी वर्षाला कितीतरी छात्राध्यापकांचे पाठ मागच्या बाकावरून पाहिले असतील. त्याचा त्यांना मोबदला मिळत नाही, आणि पाठाच्या गुणांत त्यांचा वाटाही नाही. आंतरवासितेच्या प्रमाणपत्रावर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का चालतो. अंतर्गत गुणांपैकी पंचवीस गुण त्या बाईंच्या हातात द्यायला विद्यापीठाला फक्त एक परिपत्रक काढावं लागेल.